वेव्ह हिलचा सातबारा

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या कळपाचा एखादा फोटो नीट निरखून बघा. लाल माती, खुरटी झाडं, धुळीचा लोट आणि त्या धुळीतून पुढे येणारी करडी-पांढरी जनावरं. पहिली नजर जाते ती वशिंडाकडे. मग गळ्याखाली लोंबणारी पोळी, खाली पडलेले लांब कान. हे तर आपल्याकडचं जनावर, असं वाटतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. या जातीला तिकडे ‘ब्राह्मन’ म्हणतात (हो, नाव हेच). भारतातून नेलेली गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाखोऱ्यातली गुरं यांच्या संकरातून ती अमेरिकेत तयार झाली आणि १९३३ मध्ये तिथून ऑस्ट्रेलियात आली. सांगली-बेळगावच्या काळ्या रानात औत ओढणाऱ्या बैलांचे हे लांबचे भाऊबंद.

त्याआधी तिथे इंग्लंडची शॉर्टहॉर्न गुरं होती. त्यांना ते ऊन सोसवत नसे आणि गोचिडांनी ती बेजार होत. ही गोचीडसुद्धा तिथली नव्हे. १८७२ मध्ये आजच्या इंडोनेशियाच्या बाजूने उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विन बंदरात गुरं उतरवली, त्यांच्या अंगावर बसून ती आली. तिच्याबरोबर आलेल्या तापाने लघवी लाल होऊन गुरं पटापट मरू लागली. वशिंडाच्या जनावराची कातडी गोचिडाला दाद देत नाही, म्हणून ते आणलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की आज ज्या ठिकाणाबद्दल लिहितोय तिथे गुरं बाहेरची, गोचीड बाहेरची, मालक बाहेरचा आणि मालकीचा कागदही बाहेरचा. तिथली होती ती जमीन, आणि त्या जमिनीची माणसं. ठिकाणाचं नाव वेव्ह हिल. डार्विन शहरापासून दक्षिणेला साधारण सहाशे किलोमीटरवर, व्हिक्टोरिया नदीच्या वरच्या खोऱ्यात ते आहे. मूळ रहिवासी गुरिंजी.

स्टेशन म्हणजे काय आणि ते एवढं मोठं का

स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फलाट येतो. ऑस्ट्रेलियात ‘कॅटल स्टेशन’ म्हणजे गुरं पाळण्याचा अवाढव्य मुलूख. त्याला शेत म्हणणं चुकीचं, कारण तिथे काही पेरत नाहीत. कुरण म्हणावं तर आपल्या कुरणाची कल्पना तोकडी पडते. आजच्या वेव्ह हिलचं क्षेत्रफळ साधारण १३,५०० चौरस किलोमीटर आहे. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. म्हणजे गोव्यासारखे साडेतीन मुलूख एका मालकाच्या ताब्यात, आणि त्यावर राहणारी माणसं मोजकी.

हा आकार कुणाच्या हावेतूनच आला असं नाही, जरी हाव होतीच. पाणी हे खरं कारण. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. नंतर आभाळ कोरडं. नद्या वाहायच्या थांबतात आणि नदीच्या पात्रात डोह तेवढे उरतात. गाय पाणी पिऊन चरायला जाते आणि पुन्हा पाण्यावर येते. त्यामुळे पाण्यापासून पाच-सात किलोमीटरच्या पलीकडचं गवत असून नसल्यासारखंच. नकाशावर हजारो चौरस किलोमीटर दिसले तरी उपयोगाची जमीन म्हणजे डोहांभोवतीची वर्तुळं. पुढे बोअर मारून पवनचक्क्या बसवल्या तेव्हा ही वर्तुळं वाढली. पण सुरुवातीला ज्याच्या ताब्यात डोह, त्याच्या ताब्यात मुलूख.

डोहांचं हे गणित लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं त्यातून निघतं. गुरांना जे डोह हवे होते, तेच माणसांनाही हवे होते. कांगारू त्याच डोहांवर येत, खाण्याचे कंद त्याच काठांवर मिळत, मासे त्याच पाण्यात. आणि गुरिंजींच्या जगात त्या जागांना नावं होती, कथा होत्या, कुठल्या जागेची राखण कुठल्या घराण्याकडे हे ठरलेलं होतं.

नकाशावरची रेघ

१८८३ मध्ये नॅट ब्युकॅनन नावाच्या माणसाने इथे स्टेशन सुरू केलं. हा मूळचा आयर्लंडचा, पेशाने गुरं हाकणारा. ‘ड्रोव्हर’ हा तिकडचा शब्द. हजारो गुरांचा कळप महिनोन्महिने चालवत न्यायचा, वाटेत पाणी शोधायचं, रात्री कळपाभोवती घोड्यावरून फेऱ्या मारायच्या. क्वीन्सलंडमधून उत्तरेकडे सर्वात आधी गुरं नेणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. उन्हासाठी तो हिरवी छत्री वापरत असे म्हणतात. घोड्यावर बसलेला, दाढीवाला, हातात हिरवी छत्री: हे चित्र माझ्या डोक्यातून काही जात नाही. १८८६ मध्ये त्याने मरांजीची वाट पाडली. ही वाट पाण्याविना इतकी कुप्रसिद्ध झाली की पुढची कितीतरी वर्षं ड्रोव्हर तिचं नाव दबक्या आवाजात घेत.

आता कायद्याकडे येऊ, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात वसाहत केली ती ‘ही जमीन कुणाचीच नाही’ असं गृहीत धरून. माणसं दिसत होती, पण ती नांगर चालवत नाहीत, कुंपण घालत नाहीत, त्यांच्याकडे कागद नाही, तेव्हा मालकी नाही, असा हा तर्क. म्हणून जमीन थेट राणीची, म्हणजे सरकारची झाली. गुरं पाळणाऱ्यांना सरकार ती विकत नसे, भाडेपट्ट्याने देई. ठरावीक वर्षांचा करार, नाममात्र भाडं, आणि उपयोग फक्त चराईसाठी. त्या काळी उत्तरेकडचा हा सगळा मुलूख, म्हणजे आजची नॉर्दर्न टेरिटरी, साउथ ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीत होता, म्हणजे पट्टा देणारी कचेरी दूर दक्षिणेला अॅडलेडमध्ये. तिथे नकाशावर रेघ ओढली गेली. ज्यांच्या अंगणातून ती गेली त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना ती रेघ आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

एक बारीक गोष्ट मात्र या पट्ट्यांमध्ये होती. मूळ रहिवाशांना त्या जमिनीवर यायला-जायला, पाणी प्यायला, शिकार करायला मुभा राहील अशी अट अनेकदा लिहिलेली असे. सातबाऱ्यावर आपण कब्जेदाराचं नाव वाचतो आणि ‘इतर हक्क’चा रकाना बघायचं विसरतो, तसंच तिकडेही झालं. अट कागदावर राहिली आणि बंदूक जमिनीवर.

गुरांनी डोह तुडवले, काठचे कंद संपवले. उपाशी माणसांनी गुरं भाल्यांनी मारली. त्याबदल्यात घोडेस्वार आणि पोलीस माणसं मारत सुटले. गुरिंजी घराण्यांमध्ये या हत्यांच्या हकिकती पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या: कुठे, कुणाला, प्रेतांचं काय केलं. गोऱ्यांच्या दप्तरात यातलं फार थोडं सापडतं. कोण लिहून ठेवणार होतं?

जे वाचले त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. वाळवंटाच्या बाजूला सरकायचं, किंवा स्टेशनच्या बाजूला तळ टाकून कामाला लागायचं. दुसरी वाट धरली तर निदान आपली जमीन डोळ्यांसमोर राहत होती. मालकाला राबणारे हात मिळाले आणि गुरिंजींना आपल्याच देशात राहण्याची परवानगी. ‘वेठ’ हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही.

पीठ, चहा, साखर

ब्युकॅननला स्टेशन पेललं नाही. बाजार हजार मैलांवर, कर्ज डोक्यावर. काही वर्षांत ते त्याच्या हातून गेलं. १९१४ मध्ये व्हेस्टी बंधूंनी वेव्ह हिल विकत घेतलं, आणि गोष्ट एका छत्रीवाल्या ड्रोव्हरकडून जागतिक भांडवलाकडे गेली.

विल्यम आणि एडमंड व्हेस्टी हे लिव्हरपूलचे. मांस गोठवून जहाजाने इंग्लंडला आणायचं हा त्यांचा धंदा. शीतगृहं त्यांची, जहाजं त्यांची, इंग्लंडातली मांसविक्रीची दुकानं त्यांची. गवतापासून गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत साखळी एकाच घरात. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातला कर टाळण्यासाठी दोघे भाऊ १९१५ मध्ये थेट अर्जेंटिनाला राहायला गेले, यावरून त्यांच्या हिशेबीपणाची कल्पना यावी. डार्विनला त्यांनी मोठा मांसकारखाना बांधला. तो १९१७ ला सुरू झाला आणि १९२० ला बंद पडला. त्या जागेवर आज शाळा आहे. कारखाना गेला, पण जमिनी राहिल्या: वेव्ह हिल, लिंबुन्या, गॉर्डन डाउन्स, फ्लोरा व्हॅली आणि आणखी कितीतरी.

१९२४ च्या पुरात नदीकाठचं जुनं ठाणं वाहून गेलं. मग ते उंचावर, जिनपरक नावाच्या जागी हलवलं. पुढची चार दशकं वेव्ह हिल म्हणजे हे जिनपरक. साहेबाचं घर, भोवती बाग, आणि काही अंतरावर गुरिंजींचा तळ.

या तळावर जरा थांबू. पत्र्याचे आणि पोत्यांचे आडोसे, इतके बुटके की आत जायचं तर रांगावं लागे. उन्हाळ्यात पारा चाळीशी ओलांडतो तिथे पत्रा म्हणजे तवाच. शौचाची सोय नाही, पाण्याचा नळ नाही. पुरुष पहाटे घोड्यावर बसून गुरं गोळा करायला जात. दिवसचे दिवस रानात. वासरं अडवायची, डागायची, गोऱ्हे खच्ची करायचे, रानटी झालेले वळू आवरायचे, घोडे शिकवायचे. बायका साहेबाच्या घरी धुणं, भांडी, स्वयंपाक, बागेला पाणी. गोऱ्या पुरुषांनी त्यांच्यावर केलेले अत्याचार हाही त्या रोजच्या जगण्याचाच भाग होता. मोबदला काय? पीठ, चहा, साखर, थोडी तंबाखू, आणि कापलेल्या जनावराचा साहेबाच्या स्वयंपाकघराने नाकारलेला भाग. पावसाळ्यात स्टेशनचं काम थांबलं की शिधाही आटायचा. तेव्हा मंडळी पायी निघत, शिकार करत, विधी करत, लेकरांना डोह आणि टेकड्या दाखवत. मालकाच्या लेखी हा खर्चात बचतीचा काळ. गुरिंजींच्या लेखी हीच खरी शाळा. पन्नास वर्षं राबूनही त्यांना आपली जमीन तोंडपाठ होती ती या पावसाळ्यांमुळे.

दुसऱ्या महायुद्धात या सगळ्याला पहिला तडा गेला. जपानच्या भीतीने उत्तरेत लष्करी छावण्या पडल्या. तिथे मूळ रहिवाशांना काम मिळालं, आणि कामाबरोबर नियमित मजुरी, बरं जेवण, राहायला जागा. लोक छावण्यांकडे जाऊ लागले तसे व्हेस्टी कंपनीचे हात कमी पडले. मग कंपनीने रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ड या मानववंशशास्त्रज्ञ नवरा-बायकोला नेमलं: जास्त मजूर कसे मिळतील ते सांगा. दोघांनी १९४४ ते १९४६ या काळात स्टेशनं पाहिली आणि भलतंच सांगितलं. अन्न अपुरं, घरं नाहीत, लहान मुलं बेकायदा कामाला, बाळं दगावतात, मजुरी नाही. मजूर का मिळत नाहीत याचं उत्तर त्यातच होतं. कंपनीला ते आवडलं नाही. हा अहवाल पुस्तकरूपाने १९८७ मध्ये छापला गेला, म्हणजे चाळीस वर्षांनी.

इथे एक प्रश्न मनात येईल: मालकाला पगार परवडत नव्हता का? मला वाटतं, प्रश्न उलटा विचारायला हवा. फुकटच्या जवळपास जमीन, फुकटच्या जवळपास श्रम, हे धरूनच तो धंदा मांडला होता. त्यात नफा दिसायचा तो या दोन ओळींतून.

उठून चालू लागले

१९६५ मध्ये नॉर्थ ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने लवादापुढे मागणी केली की स्टेशनांवरच्या मूळ रहिवासी कामगारांना गोऱ्यांइतकी मजुरी द्या. स्टेशनमालकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते जॉन कर. हे नाव लक्षात ठेवा. मालकांचं म्हणणं, ही माणसं तेवढं काम करत नाहीत. मार्च १९६६ मध्ये लवादाने समान मजुरी मान्य केली, पण ती लागू होणार डिसेंबर १९६८ पासून. हक्क आहे, पण पावणेतीन वर्षांनी या.

१९६६ च्याच मे महिन्यात न्यूकॅसल वॉटर्स स्टेशनवर संप झाला. व्हिन्सेंट लिंगियारी हा वेव्ह हिलवरचा गुरिंजी. गुरांच्या कामात मुरलेला, तळावर ज्याचा शब्द चाले असा. डार्विनला दवाखान्यात असताना त्याची युनियनचा संघटक डेक्स्टर डॅनियल्स याच्याशी बोलणी झाली. डॅनियल्स स्वतःही मूळ रहिवासी. २३ ऑगस्ट १९६६ ला लिंगियारीने व्यवस्थापकापुढे मजुरीची मागणी ठेवली. नकार आला. आणि सुमारे दोनशे माणसं, पुरुष, बायका, म्हातारे, कडेवरची मुलं, जिनपरक सोडून चालू लागली. पंधरा-वीस किलोमीटरची वाट, कोरड्या ऋतूतलं ऊन, पाठीवर वळकट्या. व्हिक्टोरिया नदीच्या पात्रात येऊन त्यांनी तळ टाकला.

बाहेरच्या जगाला हा मजुरीचा संप वाटला. युनियनलाही, वर्तमानपत्रांनाही. नेहमीचा अंदाज असा की शिधा संपला, पाऊस आला, की येतील परत. ते आले नाहीत. पाऊस आला तेव्हा पात्रातून उंचावर सरकले. १९६७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत वॅटी क्रीक नावाच्या ओढ्याकाठी गेले. गुरिंजी भाषेत त्या जागेचं नाव डागुरागु. ती जागा व्हेस्टींच्या पट्ट्यात होती. म्हणजे कायद्याने हे अतिक्रमण. इथे लोकांच्या हळूहळू लक्षात आलं की ही मंडळी पगारवाढ मागत नाहीयेत. पगार दिला असता तर ती कदाचित त्या दिवशी थांबलीही असती. पण एकदा चालू लागल्यावर जे मनात कित्येक वर्षं होतं ते ओठांवर आलं: ही जमीन आमची आहे, ती परत द्या.

एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलना, म्हणजे राणीच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रतिनिधीला, अर्ज केला. आमचे वाडवडील इथे अनादि काळापासून आहेत, आम्ही इथे स्वतः गुरं पाळू, सुमारे १,२९५ चौरस किलोमीटर द्या. शेवटी लिहिलं होतं की हा मजकूर आमच्या गोऱ्या मित्रांनी लिहून दिला, कारण आम्हाला इंग्रजी लिहायला शिकायची संधीच मिळाली नाही. अर्ज गेला लॉर्ड केसी यांच्याकडे. हेच केसी १९४४ ते १९४६ या काळात बंगालचे गव्हर्नर होते. जूनमध्ये नकार आला: जमीन आधीच दुसऱ्याला पट्ट्याने दिलेली आहे.

तरी माणसं हलली नाहीत. लेखक फ्रँक हार्डी यांच्यासारखे काही गोरे मित्र मदतीला होते. हार्डींनी रंगवलेला एक फलक डागुरागुला लागला. त्यावर लिहिलं होतं ‘गुरिंजी’, आणि खाली खाण व गुरांचं स्टेशन. हातात कागद नसलेल्या माणसांनी स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या नावाची पाटी लावली. शहरांतून विद्यार्थी, कामगार संघटना, चर्चचे लोक पैसे आणि धान्य पाठवू लागले. लिंगियारी सिडनी-मेलबर्नला जाऊन भाषणं करून आला. वर्षं गेली. एक नाही, नऊ.

मूठभर वाळू

१९७२ मध्ये सरकार बदललं. गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले. त्यांनी मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांसाठी चौकशी आयोग नेमला आणि व्हेस्टींशी बोलणी करून पट्ट्याचा काही भाग सोडवून घेतला. १६ ऑगस्ट १९७५ ला ते स्वतः डागुरागुला आले. ३,२३६ चौरस किलोमीटरचा भाडेपट्टा गुरिंजींच्या नावे झाला, गोव्यापेक्षा जरासा लहान.

त्या दिवशीचा फोटो ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. सुटातला धिप्पाड पंतप्रधान वाकून लिंगियारीच्या ओंजळीत लाल वाळू ओततोय. ही कल्पना नगेट कूम्ब्ज या सरकारी सल्लागारांची. १८३५ मध्ये मेलबर्नजवळ जॉन बॅटमनला तिथल्या वडीलधाऱ्यांनी जमिनीचं प्रतीक म्हणून मूठभर माती दिली होती, आता तीच उलट परत द्यावी, असं त्यांनी सुचवलं. आपल्याकडे दान देताना हातावर उदक सोडतात, त्याच जातीची ही खूण. फोटो काढणारा मर्व्हिन बिशप हाही मूळ रहिवासी. समारंभ आडोशाखाली झाला होता. बिशपला तिथला उजेड पसंत पडला नाही, म्हणून त्याने दोघांना बाहेर उन्हात आणून तीच कृती पुन्हा करायला लावली. मागे दिसतं ते निळं आभाळ त्याच्या आग्रहामुळे. ही हकिकत कळल्यावर काहींना फोटो खोटा वाटतो. मला उलट वाटतं. इतिहासात एकदा तरी चौकट कशी असावी हे त्या बाजूच्या माणसाने ठरवलं.

तीन महिन्यांतच, ११ नोव्हेंबर १९७५ ला, गव्हर्नर जनरलनी व्हिटलम यांना बडतर्फ केलं. त्या गव्हर्नर जनरलचं नाव सर जॉन कर. दहा वर्षांपूर्वी स्टेशनमालकांसाठी उभे राहिलेले तेच वकील. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

व्हिटलम गेले तरी कायदा आला. १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीसाठीचा आदिवासी जमीनहक्क कायदा पुढच्या सरकारने मंजूर केला. त्यानुसार डागुरागुची जमीन १९८६ मध्ये गुरिंजींच्या कायमच्या मालकीची झाली: विकता येणार नाही, कुणी काढूनही घेऊ शकणार नाही. आधीचा होता तो भाडेपट्टा, म्हणजे सरकार मालक आणि गुरिंजी भाडेकरू. १९८६ ला ते मालक झाले. लिंगियारी १९८८ मध्ये वारला.

गोष्ट इथे गोड करून थांबवता येते, पण ते प्रामाणिक होणार नाही. समान मजुरी लागू झाल्यावर उत्तरेतल्या अनेक स्टेशनांनी मूळ रहिवाशांना सरळ काढून टाकलं. पगार द्यायचाच तर माणसं कमी हवीत. कुंपणं, ट्रक आणि गुरं हुडकायला हेलिकॉप्टर आलं, तसे घोड्यावरचे हात नकोसे झाले. कित्येक कुटुंबं वस्त्यांच्या कडेला येऊन पडली. गुरिंजींनी स्वतःची गुरं पाळली, काही वर्षं उमेदीने. पण सरकारने गुरांतल्या क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी कळप तपासायला, कुंपणं घालायला आणि रोगी जनावरं मारायला लावली. त्याला पैसा लागतो, तो नव्हता. जमीन मिळवणं आणि जमिनीवर धंदा चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला फोटो नसतो.

पट्ट्याच्या आतला हक्क

उरलेल्या वेव्ह हिलचं काय? ते स्टेशनच राहिलं. व्हेस्टी गेले, नवे पट्टेदार आले. पण दरम्यान कायद्याचा पाया हलला. १९९२ मध्ये ‘माबो’ खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जमीन कुणाचीच नव्हती’ हे गृहीतक फेकून दिलं. मूळ रहिवाशांचा त्यांच्या रूढीतून आलेला हक्क ब्रिटिश येण्याआधीपासून होता आणि सरकारने तो स्पष्टपणे नष्ट केला नसेल तर आजही आहे, असं म्हटलं. मग प्रश्न आला: चराईच्या पट्ट्याने तो नष्ट होतो का? १९९६ च्या ‘विक’ निकालाने उत्तर दिलं, आपोआप होत नाही. पट्टा चराईचा आहे, जमिनीवरच्या एकूण एक हक्काचा नाही. दोन्ही एकाच जमिनीवर नांदू शकतात. जिथे भांडण होईल तिथे पट्टेदाराचा हक्क वरचढ.

हे वाचताना गोंधळ होतो, कारण मालकी म्हणजे एकाची, असं आपल्या डोक्यात असतं. पण तुमच्या रानातून शेजाऱ्याची वहिवाट जाते, गावाच्या देवाची पालखी जाते, तेव्हा एकाच जमिनीवर दोन हक्क असतातच. तसंच हे. गुरिंजींनी याच आधाराने दावा केला. त्यासाठी सिद्ध काय करावं लागतं? आपला त्या जमिनीशी संबंध अखंड आहे हे: कुठला डोह कुणाचा, कुठली कथा कुठून कुठे जाते, कुठला विधी कुठे. ज्या पावसाळी पायपिटींनी मालकाचा शिधा वाचवला होता, त्यांतून टिकलेलं ज्ञान पुरावा म्हणून उपयोगी पडलं.

८ सप्टेंबर २०२० ला संघीय न्यायालय शहरातून उठून जिनपरकला आलं. पडक्या ठाण्याच्या परिसरात, उघड्यावर, चालत गेलेल्यांची मुलं-नातवंडं समोर बसलेली. वेव्ह हिलच्या सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवर गुरिंजींचा हक्क मान्य झाला: शिकार, मासेमारी, विधी, आणि कुणी खाणकाम करू म्हटलं तर आधी त्यांच्याशी बोलणं. चराईचा पट्टा जागच्या जागी राहिला. वशिंडवाली गुरं त्याच गवतावर चरत राहिली. ‘इतर हक्क’च्या रकान्यात नाव चढलं, १३७ वर्षांनी.